सुरजकडं किती माणसं आली?

खुटबाव, ता. दौंड
११ ऑगस्ट २०२५

प्रतिभा,

तुझं पत्र शनवारी मिळालं. त्यात अर्ध्याच्या वर मजकूर महेंद्ररावांच्या गुडघ्याचा. जावईबापूंचा गुडघा बरा व्हावा असं आमालाबी वाटतं, पर आकडा कुठं हाय? आदल्या पत्रातबी नव्हता. आठवड्यात सुरजकडं किती माणसं आली, एवढी एक वळ लिहायची. तेवढीच नेमकी कशी इसरती?

तुझ्या आईनं पत्र पुन्हापुन्हा वाचायला लावलं. तिला वाटलं मीच गाळतोय. म्हणली, "कान तर गेलंच, आता डोळं तरी धड हायती न्हवं तुमचं?" कान गेल्यापासनं समोरच्याचं तोंड बघून कळतं, पर फोनवर तुझं बोलणं म्हंजी नुसती फडफड, म्हणून तर ही पत्रं. कोकणात मेंढरं घेऊन जायचो तवा तळावरच्या समद्यांची पत्रं मीच लिहून द्यायचो. मला लिहायचा कंटाळा न्हाई. तुला असंल तर तसं सांग.

मी उगं मागं लागत न्हाई, बाळ. सुरज जाऊन अडीच वरसं झाली. तुझ्या आईनं एकदाबी "गेला" म्हणलेलं न्हाई. दहाव्याला ती घाटावर आली न्हाई, अन्न सोडून बसली हुती. तू त्याची ती मेंढरांच्या दुखण्यावरची "आपला कळप" साईट बंद करायला म्हणून उघडलीस, तर त्यात करमाळ्याकडच्या कुणाचा प्रश्न पडलेला, कोकरू उभं ऱ्हाईना म्हणून. त्या माणसाला काय ठावं, उत्तर देणारा न्हाई म्हणून. मी तुला सांगितलं, तू सुरजच्या नावानं लिहिलंस. दोन दिसांनी त्यानं लिहिलं, "सुरजभाऊ, कोकरू उठलं." हे ऐकून तुझी आई चुलीपाशी गेली आन् भाकरी खाल्ली. तवापासनं हे असंच चाललंय. लोक सुरजला इचारत्यात, तू मला लिहितीस, मी तुला लिहितो, तू सुरज व्हऊन सांगतीस. गावात कुणी काय बोललं तर ती म्हणती, "माझा सुरज लोकांत हाय. आठवड्याला पाच-सहा हजार माणूस येतंय त्याच्याकडं."

तवा आकडा लिही. आन् प्रश्नबी धाड. दीड महिना झाला, एक प्रश्न न्हाई. लोकांची मेंढरं आजारी पडायची थांबली काय?

आण्णा


शिरूर
१७ ऑगस्ट २०२५

आण्णा,

रागावू नका. दुकानात सध्या पाय ठेवायला जागा नाही. कॉलेजचे फॉर्म, उत्पन्नाचे दाखले, शेतकऱ्यांची पीक पाहणी, सगळं एकदम आलंय. सर्व्हर बंद पडला की लोक माझ्यावर ओरडतात, जसा काही सर्व्हर मी माहेराहून आणलाय. त्या नादात आकडा राहिला.

या आठवड्यात साडेपाच हजार माणसं आली. आईला सांगा.

प्रश्न दोन आहेत. एक जामखेडहून आलाय: "पावसात मेंढ्या लंगडतात, खुरांना घाण वास येतो, काय करावं?" दुसऱ्यानं गाव लिहिलेलं नाही. तो म्हणतो, "मेंढी रात्री एकटी बांधली की सारखी ओरडते, शेजारी तक्रार करतात. उपाय सांगा." तुम्ही लवकर लिहा, मी सुरजच्या पद्धतीनं घालते. "पाहुणं, आधी बसा" हे त्याचं पहिलं वाक्य मी कधी चुकवत नाही.

ह्यांचा गुडघा आता बरा आहे. एवढंच लिहिते, नाहीतर पुन्हा बोलाल.

प्रतिभा


खुटबाव
२९ ऑगस्ट २०२५

प्रतिभा,

साडेपाच हजार ऐकून तुझी आई हसली. म्हणली, "एवढी माणसं दारात आली असती तर चहाला साखरेचं पोतं पुरलं नसतं." लगीच शेजारच्या साखरबाईला सांगून आली. मला म्हणली, आखाडात सहा हजाराच्या वर हुती, आता कमी का? मी म्हणलं, आखाडात मेंढरं जास्त आजारी पडत्यात, तवा माणसंबी जास्त येत्यात. पटलं तिला.

जामखेडच्या पाहुण्याला लिही, औषध नंतर, आधी जागा कोरडी करा. ओल्यात बसवून कितीबी औषध लावलं तरी वाया. वाढलेलं खूर छाटा, धुवा, मोरचुदाच्या पाण्यातनं चालवा, आन् ते पाणी मेंढरांना पिऊ देऊ नका. हे सुरजनं मागं लिहिलेलंबी असंल, तरी परत लिही. नव्या माणसाला परत सांगाय लागतं.

दुसरा हा कोण शहाणा? मेंढी एकटी बांधत्यात व्हय? मेंढी म्हंजी कुत्रं न्हाई. तिला दुसरी मेंढी दिसली पायजे, न्हाईतर चारा टाकून झुरंल. त्याला सांग, एक तरी सोबतीण आण, न्हाईतर ज्या कळपातली हाय त्यात सोडून ये. शेजारी तक्रार करत्यात म्हंजी हा बिल्डिंगीत ऱ्हातो का काय? असल्या माणसानं मेंढी आणली कशाला, हेबी इचार. तुझी आई लई हसली ह्याच्यावर.

आण्णा


शिरूर
६ ऑक्टोबर २०२५

आण्णा,

उत्तराला उशीर झाला. काम होतं, दुसरं काही नाही.

दिवाळीला माझं येणं होईलसं वाटत नाही. त्या दिवसांत दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक शेजारच्याकडं जातं ते कायमचंच. भाऊबीजेला मी आता कुठंच जात नाही, तुम्हाला माहीत आहे. आईला समजावून सांगा. तिला साडी पाठवलीय, रंग आवडला नाही तर सांगू दे.

आकडा पाच हजारांच्या वर आहे.

एक प्रश्न आलाय, नगरकडचा. "कळपातली एक मेंढी लांबच उभी राहते. चरते, पाणी पिते, पण बाकीच्या जवळ आल्या की बाजूला होते. तिला काय झालं असेल?"

प्रतिभा


खुटबाव
२ नोव्हेंबर २०२५

प्रतिभा,

दिवाळी झाली. तुझ्या वाटणीच्या करंज्या आईनं डब्यात ठिवल्यात. मऊ पडल्या तरी कुणाला हात लावू देत न्हाई. साडीचा रंग आवडला, पर नेसली न्हाई. तू आल्यावर नेसंल.

त्या मेंढीचं लिही, लांब उभी ऱ्हाती म्हंजी ताप आसंल, न्हाईतर पाय दुखत आसंल. मेंढरू दुखणं दाखवत न्हाई, लांब जातं. जवळ जाऊन हात लावून बघा म्हणावं. लांबनं कळत न्हाई.

आता एक आनंदाची बातमी. मुद्दाम दिवाळी हुईस्तवर थांबलो. आपल्या सोसायटीचं चेअरमन बापूसाहेब पितृपक्षात घरी आलं हुतं. त्यांच्या दोन मेंढ्या लंगडत हुत्या म्हणून त्यांनी फोनवर शोधलं. म्हणलं, "आण्णा, तुमच्या पोराची साईट पयली यायची. आता बोट दुखस्तवर खाली सरकवलं तवा दिसली." मी म्हणलं, प्रतिभा तर पाच हजार लिहिती. ते म्हणलं, "लेक बापाला पडलेलं कशाला सांगंल? मतं कमी पडत्यात तुमची."

मला पटलं. तुला तोंडावर इचारायचं न्हाई, वाईट वाटंल तुला, असंबी ठरिवलं. सोसायटीच्या निवडणुकीत आपण बघितलंय, माणूस सोन्यासारखा असू दे, मतदान काढलं न्हाई तर पडतो. सुरजसाठी मतदान काढायचं ठरलं.

दिवाळीच्या आधीचा पंधरवडाभर काढलं. ग्रामपंचायतीचं वायफाय चावडीपुढं चांगलं येतं, तिथं मांडव घातला. घरटी एक फोन. सकाळी डेअरीला दूध घालाय येणारी, सांजच्याला कुरकुंभच्या शिफ्टला निघालेली पोरं, ऊसतोडीची टोळी उतरली तर तीबी. सुरजच्या साईटचं नाव टाकायचं, उघडायची, मिटायची, परत उघडायची. जाहिरात दिसली की तीबी दाबायची, सुरजचं भलं व्हईल म्हणून. ईस बाऱ्या उघडली की चहा. बापूसाहेब खुर्ची टाकून समोर बसायचं, कोण आलं न्हाई त्याच्या घरी माणूस धाडायचं. जी घरं आपल्याला सोसायटीत कवा मत देत न्हाईत तीबी आली.

चहा करायला तुझी आई हुती. सुरजच्या नावानं आलेली माणसं तिनं पयल्यांदा आपल्या डोळ्यानं बघितली. एकेकाला इचारायची, "उघडलं का माझ्या सुरजचं?" त्या पंधरवड्यात ती पोटभर जेवली.

आता आकडा दांडगा वाढला आसंल. खरा लिही.

आण्णा


शिरूर
१० नोव्हेंबर २०२५

आण्णा,

तुमचं पत्र वाचलं, दुकानाचं शटर ओढलं आणि आत बसून राहिले. बाहेर लोक शटर वाजवत होते.

हे तुम्ही काय केलंत? साईटला झालं काय, हे गेले तीन आठवडे मला कळत नव्हतं. सर्चवाल्या कंपनीची इंग्रजीत नोटीस आली होती. एकाच जागेवरून, ठरवून, खोट्या भेटी दिल्या जात आहेत, ही फसवणूक आहे. जाहिराती बंद केल्या आणि साईट सर्चमधून काढून टाकली. खाली ढकलली नाही, आण्णा. काढून टाकली. आता कळपाचं नाव टाका, सुरजचं टाका, खुटबाव टाका, ती येतच नाही. मी त्यांना अर्ज केला की आम्ही असलं काही केलेलं नाही, आम्ही साधी माणसं आहोत. शपथेवर लिहिलं. आणि तुम्ही तिकडं चहा पाजत होतात.

मला फार राग आलाय. पण माझ्या रागाला तोंड कुठं आहे? खरं ते मीच सांगितलं नाही.

आकडा जूनपासूनच पडत होता. आता फोनला काही विचारलं की यंत्रच सगळ्यात वर उत्तर लिहून देतं. माणसाचं काम तिथंच भागतं, त्याला खाली आपल्या दारापर्यंत यायची गरजच उरत नाही. ते उत्तर यंत्र आणतं कुठून? आपल्यासारख्यांच्या पानांवरून जुळवतं. मी खुरांचं उत्तर वाचलं. सुरजचंच आहे, आधी काय आणि मग काय तो क्रमसुद्धा त्याचाच. सुरजचं नाव तेवढं नाही.

साडेपाच हजार नव्हते. तेव्हा दोन-अडीचशे होते, दसऱ्याला तीस-चाळीस. जामखेडचा प्रश्न तीन वर्षांपूर्वीचा, सुरजनं स्वतः उत्तर दिलेला. बाकीचे मी बनवले. लोक प्रश्न विचारत नाहीत असं तुम्ही आईला वाचून दाखवाल आणि ती पुन्हा अन्न सोडेल, ही भीती होती.

दिवाळीला आले नाही ते दुकानामुळं नाही. आई माझ्या तोंडाकडं बघून विचारणार, "किती आली गं?" कागदावर खोटं लिहिता येतं मला. तिच्यासमोर बसून बोलता येत नाही.

प्रतिभा


खुटबाव
१९ नोव्हेंबर २०२५

प्रतिभा,

चूक झाली. घोडचूक झाली. आमाला एवढंच ठावं, माणसाच्या मागं गाव उभं ऱ्हायलं की त्याचा मान वाढतो. सख्खी माणसं आली त्याला फसवणूक म्हणत्यात, हे कुणाच्या डोक्यात येतंय? बापूसाहेबांना सांगितलं तर ते म्हणलं, "अपील कुणाकडं करायचं सांगा, मी गाडी काढतो." मी म्हणलं, गाडी जाईल असं त्यांचं हापिस न्हाई. ते तवापासनं माझ्यासमोर यायला लाजत्यात.

प्रश्नांचं मनाला लावून घेऊ नको. मला ठावं हुतं. एकटी मेंढी बांधणारा मेंढका आजवर जन्माला आला न्हाई. तुला मी मेंढरामागं धाडली न्हाई, शाळेत धाडली, मग तुला कसं कळणार. कळूनबी मी उत्तर लिहिलं, कारण मलाबी वाचून दाखवायला काहीतरी पायजे हुतं. ती लांब उभी ऱ्हाणारी मेंढी मात्र मला खरी वाटली हुती. ती शिरूरला ऱ्हाती हे तुझं पत्र वाचल्यावर उमगलं.

पुढचं लिहावं का न्हाई, दोन दिस इचार केला. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं न्हाई, पर बापूसाहेबांना दाखवलं. त्यांना खरं वाटंना. ओसरीवर बसून त्यांनी फोनलाच मोठ्यानं इचारलं, मेंढीचं खूर सडलं तर काय करावं? फोनमधली बाई बोलाय लागली. मला काय ऐकू येतंय, पर फिरतं जातं थांबावं तशी तुझी आई थांबली ते मला दिसलं. ती आतनं उठून आली. म्हणली, "ही माझ्या पोराचं बोलती. जागा कोरडी करा, खूर छाटा, सगळं त्याचंच. पाहुणं, आधी बसा, एवढंच म्हणली न्हाई."

मग म्हणली, "तिला इचारा, सुरज कोण?"

बापूसाहेबांनी इचारलं. फोन काय बोलला ते मला सांगंनात, मान खाली घालून बसलं. मी फोन हातातनं घेतला आन् वाचलं. "सुरज हे मुलाचे नाव असून त्याचा अर्थ सूर्य असा होतो."

तुझी आई वळली. आत गेली. तवापासनं तिनं आकडा इचारला न्हाई.

आण्णा


शिरूर
४ डिसेंबर २०२५

आण्णा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं, पण उत्तर लिहायला बसवेना.

आई आता आकडा विचारत नाही, हे वाचून खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. कधीतरी हे थांबणारच होतं. तिला आपोआप समजलं असेल तर आपण कशाला पुन्हा काढायचं? हळूहळू सावरेल ती.

माझा अर्ज त्यांनी नामंजूर केला. दुसऱ्यांदा करता येतो, पण काय लिहू? आमच्या गावानं प्रेमानं केलं, असं लिहायला त्या फॉर्मवर रकाना नाही. दिवसाला कधी एक माणूस येतो, कधी कुणीच नाही. वर्ष संपलं की मी साईट बंद करणार आहे. त्याचे लेख, फोटो सगळं काढून घेऊन जपून ठेवीन, त्याची काळजी नको.

आण्णा, पूर्वी त्याच्या नावानं उत्तर लिहिताना मला वाटायचं, तो मागं उभा राहून चुका काढतोय. "ताई, एवढं शुद्ध लिहू नको, मेंढका पळून जाईल." आता लिहायला बसले की वाटतं, मी त्याचा शर्ट घालून आरशासमोर उभी आहे. मला नाही जमत.

प्रतिभा


खुटबाव
१८ डिसेंबर २०२५

प्रतिभा,

बंद करू नको. थांब. आधी काय झालं ते वाच.

आई सावरंल म्हणतीस. ती सावरली नव्हती. चतकोर भाकरीवर आली हुती. साखरबाई येऊन बळंच भरवायची तवा दोन घास जायचं. तुला कळवलं न्हाई, तुला घोर नको म्हणून. मीबी तुझाच बाप.

ह्या सोमवारी दुपारी दारात एक मेंढका आला. गेणबा नाव, फलटणकडचा. पाटसच्या अलीकडं ऊस तुटलेल्या रानात त्यानं मेंढरं बसवलीत, तिथनं चालत आला. तुझी आई दारात तांदूळ निवडत हुती, मी पलीकडं दावं वळत बसलो हुतो. त्यानं तिला कायतरी इचारलं. ते मला नंतर कळलं. त्यानं इचारलं, "सुरज डॉक्टर हायती का घरात?"

दोन वरसं त्यो साईटवर इचारत हुता. त्याची कोकरं आपल्या उत्तरानं वाचलीत. आता साईट सापडंना. फोनमधली बाई सांगती, पर त्याचा भरवसा बसंना. म्हणतो, "ती चुकली तर तिला गाठायचं कुठं?" साईटच्या तळाला खुटबाव लिहिलेलं त्याच्या ध्यानात हुतं, म्हणून वाट इचारत आला.

तुझी आई त्याच्याकडं बघत ऱ्हायली. मला ऐकू येत न्हाई, पर तिचं तोंड मला वाचता येतं. कान हुतं तवाबी मी तिचं बोलणं तोंडावरनंच वळखायचो. मला वाटलं आता म्हणंल, लोकांत हाय. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. म्हणली, "सुरज गेला."

प्रतिभा, हे शब्द मी तिच्या तोंडावर पयल्यांदा बघितलं. माझ्या हातातनं दावं सुटलं.

गेणबानं पटका काढला आन् तिथंच मातीत बसला. म्हणला, "कवा?" तिनं सांगितलं, अडीच वरसाच्या वर झालं. त्यो म्हणला, "मग मी बोलत कुणाशी हुतो?" तिनं माझ्याकडं हात केला. मला काय करावं कळंना, मी हात जोडलं. चोरी सापडल्यावाणी झालं मला. त्यो उठला आन् माझ्या पाया पडला, आन् रडाय लागला. मग तुझी आई रडली. किती मोठ्यानं म्हणून सांगू? मला ऐकू आलं.

साखरबाई पळत आली, आळीतल्या बायका आल्या. अडीच वरसं ज्या बायका बोलायला भ्यायच्या त्या तिच्या गळ्यात पडल्या. दिवस मावळस्तवर दार भरलेलं हुतं.

गेणबा निघाला तवा मेंढीचं इचारायचं इसरूनच चालला हुता. तिनंच हाक मारून थांबवला, "काय झालंय तुमच्या मेंढीला?" त्यानं सांगितलं. उत्तरबी तिनंच दिलं, मला इचारलं न्हाई. मग रातच्याला ताट घेतलं आन् जेवली. जेवताना म्हणली, "पोरीला लिवा. लोकांना सांगून टाक म्हणावं. माझ्यापायी इतकी माणसं फसवली." तवा तसं लिही. तिचा निरोप हाय, माझा न्हाई.

आण्णा


शिरूर
२४ डिसेंबर २०२५

आण्णा,

पत्र मिळालं त्याच दिवशी लिहिलं. साईटवर सगळ्यात वर टाकलंय. तुम्हाला दिसणार नाही म्हणून इथं उतरवते.

"आमचा सुरज मार्च २०२३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यानंतरची सगळी उत्तरं त्याच्या वडिलांची आहेत. ती बरोबर आहेत, पण त्याची नाहीत. आमच्या आईला हे सहन होत नव्हतं म्हणून आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. माफ करा. सुरजची बहीण, प्रतिभा."

एवढं लिहायला अख्खी सकाळ गेली. "गेला" या शब्दापाशी अडले होते. मग लक्षात आलं, आईचं नाव पुढं करत होतो आपण, पण तो शब्द मीही कधी लिहिला नव्हता. त्याच्या मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्मसुद्धा मी ह्यांना भरायला लावला होता. मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे दाखले काढते.

आण्णा, दोन दिवस झाले, ते वाचायला कुणी आलेलं नाही. रोज शेकड्यानं माणसं येत होती तेव्हा सांगायला हवं होतं. त्यातल्या कितीजणांनी गेणबासारखा पटका काढला असता. तेव्हा आपण त्यांना कळू दिलं नाही. आता सांगितलं, तर ऐकायला कुणी उरलेलं नाही. माझ्या भावाचा दुखवटा मीच वाया घालवला असं वाटतं.

साईट बंद करत नाही. कोण येईल न येईल. ते वर लिहिलेलं तेवढं असू दे.

रविवारी सकाळच्या एसटीनं खुटबावला येते. पत्र आधी पोचलं तर आईला वाचून दाखवा. तिला सांगा, आकडा काही आणत नाही. नुसतीच येते.

प्रतिभा